दोनदा ट्रान्सफर फसले. आता यादीतले ‘सगळेच’ करून पाहावे का?

पत्राचा गोषवारा: पत्रलेखिका ३४ वर्षांच्या असून दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत नोकरी करतात. लग्नाला सात वर्षे झाली आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार चालू आहेत. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवसाचे दोन भ्रूण ताजेच गर्भाशयात सोडले (यालाच ट्रान्सफर म्हणतात), दुसऱ्या वेळी एक गोठवलेला ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत वाढवलेला भ्रूण, सोडला. दोन्ही वेळा बीटा रिपोर्ट, म्हणजे गर्भ राहिला का हे सांगणारी रक्ततपासणी, निगेटिव्ह आला. तीन ब्लास्टोसिस्ट अजून गोठवलेले आहेत. आता केंद्राने एक यादी दिली आहे: अस्तराची ईआरए चाचणी, भ्रूणांची जनुकीय तपासणी, गर्भाशयात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून काढलेला प्लेटलेट्सचा द्रव), इंट्रालिपिड या स्निग्ध द्रवाचे सलाईन, स्टेरॉइडच्या गोळ्या, एम्ब्रियो ग्लू, आणि पुढच्या खेपेस दोन भ्रूण एकदम सोडणे. नेहमीच्या खर्चाखेरीज या यादीचे पावणेदोन लाख रुपये होतात. सासरे अर्धा एकर विकायला तयार आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे की सूनबाई ट्रान्सफरनंतर चौथ्या दिवशी कामावर गेल्या म्हणून गर्भ टिकला नाही. पत्रलेखिका विचारतात: ‘माझे गर्भाशयच भ्रूण नाकारते आहे का? उद्या एखादी गोष्ट करायची राहून गेली असे वाटायला नको, म्हणून सगळे करून घ्यावे का?’

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही ताजा कलमात लिहिले आहे. तीन वर्षांपूर्वी गर्भाशयाच्या नळ्यांचा जो एक्स-रे काढला होता त्यात उजवी नळी फुगलेली दिसली होती, परंतु टेस्ट ट्यूबमध्ये नळ्यांचा संबंधच येत नाही असे सांगितले गेल्यामुळे तो रिपोर्ट फाइलच्या तळाशी राहिला, असे ते वाक्य आहे. पावणेदोन लाखांच्या यादीत सात गोष्टी आहेत आणि त्यांत ही नळी नाही. म्हणून उत्तराची सुरुवात मी तिच्यापासूनच करते. मी डॉक्टर नाही. बावीस वर्षे भ्रूणप्रयोगशाळेत एम्ब्रियॉलॉजिस्ट म्हणून काम केले, त्या अनुभवावर आणि प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आधारे लिहीत आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा आहे.

बीज शरीराबाहेर फलित होते, त्यामुळे नळ्यांवाचून काम भागते हे खरेच आहे. मात्र नळीचे टोक बंद होऊन तिच्यात पाणी साचले असेल, तर ते पाणी थोडेथोडे गर्भाशयात उतरत राहते आणि भ्रूण जेथे रुजायचा त्या जागेलाच ते बाधते. अशा स्त्रियांमध्ये टेस्ट ट्यूबचे यश निम्म्याच्या आसपास घसरते, हे नव्वदच्या दशकातच लक्षात आले होते. १९९९ मध्ये स्कँडिनेव्हियातील केंद्रांनी मिळून केलेल्या चाचणीत, सोनोग्राफीवर दिसण्याइतकी नळी फुगलेली असेल तर उपचारांआधी ती काढून टाकल्याचा स्पष्ट फायदा दिसला. आज दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ती नळी काढतात किंवा गर्भाशयाजवळ क्लिप लावून तिची वाट बंद करतात. तुमची नळी अजून तशीच आहे का, हे मला माहीत नाही. ते पाहण्यासाठी योनिमार्गातून काळजीपूर्वक केलेली सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास दुर्बिणीची तपासणी पुरते. आपल्याकडे नळ्या अशा होण्यामागे क्षयरोग हे एक मोठे कारण असते, त्यामुळे त्या अंगानेही विचारणा करा. मात्र केवळ एका पीसीआर रिपोर्टवरून (क्षयजंतूंचा अंश शोधणाऱ्या तपासणीवरून) सहा महिन्यांची औषधे सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतलेले बरे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. ‘माझे गर्भाशय नाकारते आहे’ हे वाक्य मी प्रयोगशाळेच्या दाराशी शेकडो वेळा ऐकले आहे, आणि दर वेळी मला ते ऐकवत नसे, कारण त्यात न झालेल्या गोष्टीचा सगळा दोष बाईने स्वतःच्या अंगावर ओढून घेतलेला असतो. हिशेब मांडून पाहू. समजा, तिसऱ्या दिवसाच्या भ्रूणांच्या ट्रान्सफरला यशाची शक्यता ३० टक्के होती आणि ब्लास्टोसिस्टला ४० टक्के. मग सगळे काही ठाकठीक असूनही दोन्ही वेळा निगेटिव्ह येण्याची शक्यता ४२ टक्के निघते. म्हणजे तुमच्यासारख्या शंभर जोडप्यांपैकी बेचाळीस जणी, कोणाचाही काही दोष नसताना, आज तुमच्याच जागी उभ्या असत्या. युरोपातील ‘एश्रे’ या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने २०२३ मध्ये असे सुचवले की ‘वारंवार रोपण न होणे’ हा शिक्का सरसकट दोन किंवा तीन अपयशांवर मारू नये. त्या त्या जोडप्याची तोवरची एकत्रित अपेक्षित शक्यता ६० टक्क्यांच्या पुढे गेल्यावरच अधिक तपासण्यांकडे वळावे. वरच्या हिशेबाने तुम्ही ५८ वर, म्हणजे उंबरठ्यावर आहात. तपासणी करणे रास्त आहे, घाबरून जाण्याचे कारण नाही.

भ्रूण न रुजण्याचे सर्वांत मोठे कारण बहुधा भ्रूणातच असते. सूक्ष्मदर्शकाखाली सुबक दिसणाऱ्या, ‘फोर एए’ अशी उत्तम श्रेणी मिळालेल्या ब्लास्टोसिस्टमध्येही गुणसूत्रांची संख्या चुकलेली असू शकते, आणि वय वाढते तसे हे प्रमाण वाढत जाते. अमेरिकेतील एका मोठ्या केंद्रसमूहाने २०२१ मध्ये आपल्या नोंदी प्रसिद्ध केल्या. गुणसूत्रे तपासून ठीक ठरलेले भ्रूण एका वेळी एक असे तीन वेळा सोडता आले, तर तिसऱ्या खेपेअखेर ९२.६ टक्के स्त्रियांना मूल झाले होते. ही आकडेवारी निवडक रुग्णांची आहे, ती तुम्हाला जशीच्या तशी लागू होत नाही. तिच्यातून एवढे मात्र कळते की चांगला भ्रूण मिळूनही तो सतत नाकारणारे गर्भाशय फार विरळ असते.

मग भ्रूणांची जनुकीय तपासणी करूनच घ्यावी, असे तुम्हाला लगेच वाटेल. जरा थांबा. तपासणीने भ्रूण सुधारत नाही. असलेल्यांतून निवड करता येते, इतकेच. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. या स्त्रिया ३७ वर्षांपर्यंतच्या होत्या आणि प्रत्येकीचे किमान तीन चांगले ब्लास्टोसिस्ट होते, म्हणजे जवळपास तुमच्यासारख्याच. तपासणी करून सोडलेल्या गटात अखेरीस ७७.२ टक्के स्त्रियांना मूल झाले, आणि नुसते रूप पाहून एकेक सोडलेल्या गटात ८१.८ टक्के. तपासणीच्या गटात गर्भपात कमी झाले ही जमेची बाजू आहे, मुले मात्र वाढली नाहीत. शिवाय तुमचे भ्रूण आधीच गोठवलेले आहेत. ते वितळवायचे, त्यांतील काही पेशी काढायच्या आणि पुन्हा गोठवायचे, एवढे सगळे तीन भ्रूणांसाठी करणे मला पटत नाही. वय चाळिशीकडे झुकलेले असते, लागोपाठ गर्भपात झालेले असते किंवा दोघांपैकी एकाच्या गुणसूत्रांत दोष आढळला असता, तर माझे मत वेगळे असते.

यादीतील ईआरए चाचणीमागची कल्पना मोठी आकर्षक आहे. अस्तराची दारे ठराविक काळच उघडी असतात, ती वेळ प्रत्येकीची वेगळी असते, म्हणून एक महिना नुसतीच औषधे घ्यायची, अस्तराचा तुकडा तपासायचा आणि मुहूर्त काढायचा. मलाही ही कल्पना आवडली होती. २०२२ मध्ये अमेरिकेत ७६७ रुग्णांवरील चाचणीचे निकाल आले: असा मुहूर्त काढून सोडलेल्यांत ५८.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, नेहमीच्या वेळी सोडलेल्यांत ६१.९ टक्के. मुहूर्ताचा उपयोग दिसला नाही, आणि ज्या बायका एकेक पाळी मोजत असतात त्यांचा एक महिना मात्र त्यात जातो.

स्टेरॉइडच्या गोळ्यांबाबत मी अधिक कडक बोलेन. ‘घेऊन पाहायला काय हरकत आहे’ हे वाक्य येथे लागू पडत नाही. चीनमधील आठ केंद्रांत ७१५ स्त्रियांवर, म्हणजे ज्यांना खरोखरच वारंवार अपयश आले होते अशांवरच, प्रेडनिसोनची चाचणी झाली. २०२३ मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत ३७.८ टक्के आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८.८ टक्के मुले जन्मली होती. गोळी घेणाऱ्यांत अगदी सुरुवातीला गर्भ गळण्याचे आणि दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याचे प्रमाण उलट जास्त होते. इंट्रालिपिड आणि पीआरपी यांच्या बाजूने पैसे मोजावेत इतका भक्कम पुरावा मला दिसत नाही. पीआरपीवर संशोधन चालू आहे. एखादे केंद्र ते चाचणीचा भाग म्हणून, रीतसर संमती घेऊन आणि फुकट करत असेल तर गोष्ट निराळी. पण प्रयोगाचे पैसे रुग्णाने का भरावेत?

अस्तर खरवडण्याचा उपाय तुमच्या यादीत नाही, तरी त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. काही वर्षांपूर्वी जवळपास सगळीकडे तो होत असे. छोट्या अभ्यासांत फायदा दिसला होता आणि करणाऱ्यांची मनापासून श्रद्धा होती. आमच्याकडेही होत असे, आणि त्यासाठी टेबलावर ओठ दाबून पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. २०१९ मध्ये पाच देशांतील १,३६४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. खरवडलेल्यांत २६.१ टक्के स्त्रियांना मूल झाले, न खरवडलेल्यांतही २६.१ टक्के, अगदी दशांशापर्यंत सारखे. तेव्हापासून कोणी नव्या उपायाबद्दल उत्साहाने बोलू लागले की मी आधी विचारते, ‘चिठ्ठ्या टाकून दोन गट केले होते का? आणि मोजले काय, पॉझिटिव्ह बीटा की घरी आलेले मूल?’ हे दोन प्रश्न तुम्हीही विचारू शकता. त्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

एम्ब्रियो ग्लूबद्दल मात्र माझा विरोध नाही. नाव डिंकासारखे असले तरी ते हायल्युरोनान हा चिकट पदार्थ जास्त असलेले द्रव आहे, आणि भ्रूण सोडण्याआधी त्यात ठेवला जातो. कॉक्रेनच्या २०२० च्या आढाव्यात त्याने मुलांच्या जन्माचे प्रमाण काहीसे वाढते असे आढळले. दर वाजवी असेल तर घ्या.

दोन भ्रूण एकदम सोडू नका, असे मी म्हणेन. स्वीडनमधील चाचणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात ६६१ स्त्रिया होत्या. दोन भ्रूण एकदम सोडलेल्यांत ४२.९ टक्के स्त्रियांना मूल झाले. आधी एक आणि तो न रुजल्यास गोठवलेला दुसरा, अशा क्रमाने सोडलेल्यांत ३८.८ टक्के. फरक थोडा आहे. पण झालेल्या प्रसूतींमध्ये जुळ्यांचे प्रमाण पहिल्या गटात ३३.१ टक्के होते आणि दुसऱ्यात ०.८ टक्के. ‘एकाच खर्चात दोन’ असे हसत म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि तेच नातेवाईक सातव्या महिन्यात जन्मलेल्या जुळ्यांसाठी काचेच्या पेटीबाहेर बसलेलेही पाहिले आहेत.

यादीत नसलेल्या पण विचारण्याजोग्या साध्या गोष्टी अजून आहेत. दुसऱ्या ट्रान्सफरच्या वेळी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारे संप्रेरक, कोणत्या रूपात दिले होते? गोळ्यांनी अस्तर तयार केलेले असेल, तर शरीर स्वतः प्रोजेस्टेरॉन बनवत नाही आणि सगळी भिस्त औषधावर असते. अमेरिकेत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, केवळ योनिमार्गातून औषध घेणाऱ्यांत २७ टक्के ट्रान्सफर यशस्वी झाले. रोज इंजेक्शन घेणाऱ्यांत ४४ टक्के, आणि योनिमार्गातील औषधाला दर तिसऱ्या दिवशी एका इंजेक्शनची जोड दिलेल्यांत ४६ टक्के. ज्या अभ्यासांत मोठा फरक दिसतो असे फार थोडे असतात, त्यांपैकी हा एक आहे. तेलातले ते इंजेक्शन दुखते, गाठी येतात, हे मला माहीत आहे. तरी विषय काढाच. ट्रान्सफरच्या आसपास रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासले होते का, तेही विचारा. तुमची पाळी नियमित आहे असे तुम्ही लिहिता, तेव्हा पुढची खेप नैसर्गिक पाळीच्या चक्रात करता येईल का, हेही विचारण्यासारखे आहे.

एक गोष्ट मला खटकली. तुमच्या दोन पानी पत्रात पतींच्या तपासणीबद्दल अर्धी ओळ आहे: ‘त्यांचा रिपोर्ट ठीक होता.’ कधीचा? तंबाखू, सिगारेट, वजन, साखर यांचा विचार दोघांच्याही बाबतीत व्हायला हवा. तुमच्या भागात मिश्री सर्रास लावतात. ती लावणाऱ्या स्त्रिया तिला तंबाखूत धरत नाहीत आणि डॉक्टरही विचारायला विसरतात. तुम्ही लावत असाल तर आजपासून बंद करा. यादीतल्या सातही गोष्टींपेक्षा हे स्वस्त आहे.

आता सासूबाईंचा मुद्दा. ट्रान्सफरच्या खोलीत काय होते ते मी आतल्या बाजूने सांगते. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी तुमचे आणि पतींचे नाव मोठ्याने वाचले जाते. मऊ नळीत द्रवाचा एक बारीक थेंब घेतलेला असतो आणि त्या थेंबात भ्रूण असतो, खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान. भरल्या मूत्राशयाने कळवळणारी बाई म्हणते, ‘लवकर करा हो.’ सोनोग्राफीच्या पडद्यावर क्षणभर एक पांढरा ठिपका चमकतो. मग नळी परत प्रयोगशाळेत येते आणि भ्रूण तिच्यातच अडकून राहिला नाही ना, हे आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक बाई एकच प्रश्न विचारते: ‘उठू का? पडणार तर नाही ना?’ गर्भाशय म्हणजे काही उपडा पडणारा तांब्या नव्हे. त्याच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या असतात. ओल्या पंचाच्या दोन पदरांत अडकलेला तिळाचा दाणा पंचा उभा धरला म्हणून खाली पडत नाही. स्पेनमध्ये दात्याची बीजे घेतलेल्या २४० स्त्रियांवरील अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच उठवलेल्यांत ५६.७ टक्के स्त्रियांना मूल झाले आणि दहा मिनिटे निजवून ठेवलेल्यांत ४१.६ टक्के. एका अभ्यासावरून पडून राहणे अपायकारक आहे असे मी म्हणणार नाही. त्याचा उपयोग नाही एवढे मात्र नक्की. सासूबाईंना पुढच्या भेटीत बरोबर न्या आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. सुनेने सांगितलेले आणि डॉक्टरांनी सांगितलेले यांत आपल्या घरांमध्ये किती अंतर असते, ते तुम्हाला सांगायला नको.

ट्रान्सफर करणाऱ्या हाताचेही महत्त्व असते. पोटावरून सोनोग्राफी करत नळी आत नेणे, मऊ नळी वापरणे, गर्भाशयमुखावरील चिकट स्राव पुसून घेणे, आणि भ्रूण गर्भाशयाच्या वरच्या किंवा मधल्या भागात, छतापासून एक सेंटीमीटरपेक्षा अधिक अंतरावर सोडणे, अशा शिफारशी अमेरिकन प्रजनन संस्थेने २०१७ मध्येच केल्या आहेत. तुमची दोन्ही ट्रान्सफर सहज झाली की अडचणीने, रक्त लागले का, हे नोंदीत लिहिलेले असते. या कोणत्याही गोष्टीचे वेगळे बिल येत नाही. कदाचित म्हणूनच त्या यादीत नसतात. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबीचे जे यश मिळवले, त्यानंतरच्या जवळपास चाळीस वर्षांत निकाल सुधारले ते मुख्यतः अशा दिसायला साध्या गोष्टींनी: चांगले संवर्धन द्रव, झटपट गोठवण्याची पद्धत, मऊ नळ्या, नीट सोनोग्राफी.

तेव्हा जमीन विकण्याआधी केंद्राकडे तुमच्या पूर्ण नोंदी लेखी अर्ज देऊन मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात. त्यांत भ्रूणांची श्रेणी, अस्तराची जाडी, औषधांची यादी आणि ट्रान्सफरची टिपणे पाहा. त्या आणि तो जुना एक्स-रे घेऊन दुसऱ्या, सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातील डॉक्टरांचे मत घ्या. असे मत घेणे म्हणजे पहिल्या डॉक्टरांवर अविश्वास नव्हे. कोल्हापूर, पुणे, मुंबई, कोठेही जा. घाई करू नका. गोठवलेल्या भ्रूणांचे वय वाढत नाही. ते ज्या वयाच्या बीजांपासून तयार झाले त्याच वयाचे राहतात, त्यामुळे नळीच्या शस्त्रक्रियेसाठी तीन महिने गेले तरी त्यांचे काही बिघडत नाही.

आणि पैशांचा आकडा दोघांनी मिळून आधीच ठरवा: नळीचा उपचार, त्यानंतर एकेक करून तीन ट्रान्सफर, आणि तरीही जमले नाही तर बीजे काढण्याची आणखी एक फेरी करायची की नाही. यादीवर पावणेदोन लाख आज खर्च झाले, तर ती फेरी हातात राहणार नाही. ‘काही करायचे राहून गेले’ ही रुखरुख मला समजते, परंतु पैसे संपल्यामुळे उरलेला भ्रूण सोडता आला नाही ही रुखरुख मी जास्त जवळून पाहिली आहे.

चौथ्या दिवशी कामावर जायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा. भ्रूणाला त्याने फरक पडत नाही. घरात बसून दर तासाला कॅलेंडर पाहण्यापेक्षा पतसंस्थेतील खात्यांचा मेळ घालणे तुम्हाला सोपे जात असेल, तर खुशाल जा.